झाकण पिशवीतच होतं

"एवढा मोठा कपॅसिटर घेऊ नका, पस्तावाल."

तिने मागे वळून पाहिलं. सुट्या भागांच्या दुकानात तिच्या पाठीशी एक उंच तरुण उभा होता. त्याच्या चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली. ती स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला, त्यामुळे नजर आधी दांडीवर गेली, मग डोळ्यांवर. डोळे बरे होते.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही. ऑसिलेटर न् ॲम्प्लिफायर जोडायलाच घेताय ना? जोडणी फार घट्ट केली, की ॲम्प्लिफायर सूर काढणाऱ्या बिचाऱ्या ऑसिलेटरला फरफटत नेतो. सूर ढळतो."

आता आली का पंचाईत. तिने घरी बनवलेला ट्रान्समीटर हौशी रेडिओ क्लबने नेमका याच कारणाने परत केला होता. सूर स्थिर झाल्याशिवाय तिला रेडिओवरून बोलायची परवानगी मिळणार नव्हती. शेवटी नाक मुठीत धरून तिने विचारलं, "मग काय करू?"

"लहान घाला. आणि... चालणार असेल तर मी येऊन बघतो."

तो आला, आणि मग दर रविवारी येतच राहिला. लहान कपॅसिटर घालून झाला, ऑसिलेटर न् ॲम्प्लिफायरच्या मध्ये मध्यस्थ म्हणून एक ट्रान्झिस्टर बसवून झाला. सूर बराच ताळ्यावर आला. एकच खोड उरली. टेबलावर बाजूलाच ठेवलेल्या रेडिओवर ट्रान्समीटरची शिट्टी ऐकू यायची, आणि तो ऑसिलेटरच्या कॉईलवर वाकला की ती बदलायची.

"मी जवळ आलो की तुमचा सूर हलतो."

"माझा नाही. ऑसिलेटरचा," ती सोल्डरकडे बघत म्हणाली. कान मात्र तापले होते.

खरं सांगायचं तर तिला ती शिट्टी फार आवडायला लागली होती. पाठमोरी असली तरी तो किती जवळ आलाय ते कळायचं. पण शिट्टी एकदा हलायची थांबली, की हा कशाला येतोय? तिला धास्ती होती ती एवढीच.

त्या रविवारी त्याने पिशवीतून पत्र्याचं झाकण काढलं आणि ऑसिलेटरवर बसवलं. अगदी मापात बसलं. तो वाकला. शिट्टी जागची हलली नाही.

"झालं," तो म्हणाला. आवाजात आनंद काही नव्हता.

तिने झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला गंज लागला. "हे कधी बनवलंत?"

"पहिल्या रविवारी माप घेतलं, दुसऱ्याच रविवारी बनवून आणलं होतं... पिशवीतच राहिलं."

"राहिलं, की ठेवलं?"

"ठेवलं." तो खाली बघत होता. "पण उद्या क्लबची तपासणी. तुमचं नुकसान कसं करू? आता मी आलो काय न् गेलो काय, याला फरक पडत नाही."

"याला नाही पडत. मला पडतो," ती म्हणाली. "तुम्ही येत जा."

तिने हात पुढे केला आणि त्याच्या नाकावरचा चष्मा अलगद उतरवला.

"झाला का एकदाचा दुरुस्त?" आतून तिच्या बाबांनी विचारलं.

"ट्रान्समीटर झाला, बाबा. आता यांचा चष्मा घेतलाय."

"मग वेळ लागणारच," बाबा म्हणाले, आणि मधलं दार ओढून घेतलं.