ओसरीवरची खबर

"बर्लिन नावाचं एक शहर हाये. तिथं लोकांना खायाला मिळंना, म्हणून विमानातून पीठ धाडून राह्यले."

रामकिसननं एवढं वाचलं मात्र, कडूबाच्या ओसरीवर बसलेली झाडून सगळी माणसं खदखदून हसली. कुणी म्हणालं, मंग पिठासंगं पाटावरवंटाही धाडला असंल. कुणी म्हणालं, जालन्यात राहून पोरगं फेकायला शिकलं. रामकिसन बिचारा कानापर्यंत लाल झाला.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "खरंय ते. पीठच न्हाई, कोळसा बी धाडतेत."

ओसरी एकदम चिडीचूप. आवाज कडूबाच्या लेकीचा, झुंबरचा. ती आत उंबऱ्याजवळ बसून डाळ निवडत होती, आणि बोलून गेल्यावर तिनंच जीभ चावली. पण आता काय उपयोग? शब्द बाहेर गेले होते आणि बाहेर बसलेल्या त्या पोरानं मान वळवून दाराकडे पाहिलंही होतं. फटीतून दोन डोळ्यांना दोन डोळे भिडले आणि झुंबरच्या सुपातली डाळ अर्धी खाली सांडली.

ही गोष्ट १९४८च्या आषाढातली. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं, पण जाफराबाद अजून निजामाच्या राज्यातच होतं. हद्दीपलीकडे वऱ्हाड, म्हणजे हिंदुस्थान. अलीकडे रझाकारांची दहशत. बाहेरून माल येणं बंद, त्यामुळे मीठ न्हाई, रॉकेल न्हाई, आणि पलीकडचे मराठी पेपर आणायला तर सक्त मनाई. मिळायचा तो हैदराबादचा उर्दू पेपर, आणि तो वाचता येणारा माणूस गल्लीत एकच, रामकिसन. तीर्थपुरीचा हा पोरगा जालन्याला उर्दू शाळेत शिकला, तिथल्याच एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून झाला. कोळशाअभावी जिनिंग बंद पडलं तसा मामाकडे, रखमाजीकडे, राहायला आल्ता. डाकखान्यातले हाफिजमियाँ आपला पेपर वाचून झाला की त्याला देत. "पढ़ लो बेटा, मगर सब सच मत समझना," असं बजावूनही देत.

आणि झुंबर? ती हद्दीपलीकडे चिखलीला मावशीकडे राहून मराठी सातवी शिकलेली. मावशीनं धाडलेल्या शेवयांच्या पुडक्याला पलीकडचा पेपर गुंडाळलेला असे. शेवया डब्यात जायच्या आणि पेपर झुंबरच्या उशाखाली. बर्लिन तिला तिथंच भेटलं होतं.

दुसऱ्या दिवशी रामकिसन पेपर वाचायच्या आधीच दारात येऊन उभा राहिला.

"मामी, प्यायला पाणी मिळंल का?"

झुंबरची आई, गोजरबाई, परसात होती. तांब्या घेऊन झुंबरच आली.

"काल वाचवलं तुम्ही मला," तो हळूच म्हणाला.

"तुम्हाला न्हाई. बर्लिनला वाचवलं."

"मंग बर्लिनवाल्यांच्या वतीनं शुक्रिया!"

झुंबरला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाशी धरला, पण डोळे कुठे लपवणार?

त्यानंतर रोज तिन्हीसांजेला उंबऱ्याआड काहीतरी काम निघू लागलं. कधी डाळ, कधी शेंगा, आणि काहीच नसलं तर निवडलेलंच पुन्हा निवडायचं. आईच्या लक्षात आलं असणार. आया बोलत नाहीत, पण त्यांना दिसतं सगळं. बाहेर तो वाचायचा... पॅलेस्टाईनची लढाई, बर्लिनची कोंडी, दिल्लीची बोलणी, आणि आत ती ऐकायची. मधेच तो थांबून दाराकडे बघून म्हणायचा, "बराबर हाये ना?" जणू जगाच्या राजकारणावर शिक्का उठवायचा अधिकार जाफराबादेत फक्त त्या दाराआडच्या पोरीला होता. झुंबर बांगड्या वाजवायची. ओसरीवरची माणसं एकमेकांकडे बघून मिशीत हसायची.

पण फटीतून बघता बघता झुंबरला एक गोष्ट दिसली. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात. रामकिसन वाचायचा तेव्हा त्याचं बोट ओळीवरून तसंच सरकायचं. बर्लिनची बातमी उजवीकडून डावीकडे. पॅलेस्टाईनची तशीच. पण आपल्या मुलखाची बातमी आली की, म्हणजे 'बोलणी चांगली चाल्लीत, महिन्याभरात सगळं निवळंल, हद्दीकडं बिलकुल शांतता हाये' असं सांगताना, बोट हळूच उलटं फिरायचं. डावीकडून उजवीकडे. लहानपणी घरी शिकलेल्या बाळबोध मराठीसारखं.

तो वाचत नव्हता. मनचं सांगत होता!

आधी तिला हसू आलं. मग राग आला. कारण त्या खबरांवर तिचं स्वतःचं काय काय अवलंबून आहे, हे तिला चांगलं माहीत होतं. मावशीचा चिखलीहून निरोपावर निरोप होता: पोरीला इकडं धाडा, तिकडं दिवस चांगले नाहीत, आणि इथे एक मास्तर आहे, तिशी न झालेला, त्यालाही पोरगी पसंत पडेल. कडूबा रोज वाचन संपलं की म्हणायचा, "शांत हाये म्हणतो रामकिसन. मंग बघू पोळ्यानंतर." असं करत करत आषाढ गेला, श्रावण लागला.

श्रावणातल्या एका दुपारी ऊन-पावसाचा खेळ चालला होता. कडूबा आणि गोजरबाई शेतात होती. रामकिसन ओसरीच्या कडेला येऊन उभा राहिला. अंगरखा भिजलेला, हातात कापडाची लहानशी पुरचुंडी.

"काय आणलं?"

"बर्लिनला विमान जातं. आपल्याकडं ते न्हाई, म्हणून मी हद्दीवर पायी गेल्तो." त्यानं पुरचुंडी सोडली. खडे मीठ! आठ-पंधरा दिवस घरोघर अळणी कालवण चाललं होतं, आणि हा हद्दीवरून मीठ घेऊन आला होता. कुणी धरलं असतं म्हणजे?

झुंबरनं हात पुढे केला. त्यानं मागे घेतला.

"हातात न्हाई देत. मीठ हातात दिलं की भांडण होतं. खाली ठेवतो, मंग घ्या."

"हातातच द्या."

"अहो, पण भांडण..."

"तेच करायचंय मला!"

तो बघतच राहिला. तिनं त्याच्या ओंजळीतली पुरचुंडी सरळ उचलली. बोटांना बोटं लागली. मग झुंबरनं मीठ आत ठेवलं, बाहेर आली, आणि कंबरेवर हात ठेवून खरोखरच भांडायला उभी राहिली.

"तुम्ही खोटं काहून वाचता?"

"मी? मी कवा..."

"बोट उलटं फिरतं तुमचं. रोज बघून राह्यले मी."

रामकिसननं आपल्या बोटाकडे असं पाहिलं, जणू त्या बोटानंच फितुरी केली होती. पागोळ्या टपटपत होत्या.

"खरं वाचलं तर काय होतं, ठावं हाये तुम्हाला?" तो शेवटी म्हणाला. "पेपरात रोज लढाईची भाषा हाये. हे ऐकलं की कडूबामामा दुसऱ्या दिवशी गाडी जुंपतेत. अन् तू जातीस चिखलीला. तिथं तो मास्तर..."

तो थांबला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे त्यालाही कळलं नव्हतं. झुंबरला कळलं होतं. तिचा राग कुठे गेला ते तिलाच सापडेना. पण तिनं तो शोधून आणला.

"माझ्यासाठी? अन् बाकीच्यांचं काय? तुमच्या भरवशावर लोक लेकरंबाळं घेऊन गावात बसलेत. उद्या काही झालं तर?"

"मला रातीला झोप न्हाई... तेच खातंय गं."

"मंग खरं वाचा."

"आजपासून खोटं न्हाई, शब्द दिला. अन् तू?"

"मी जाईन न्हाई तर राहीन." तिनं पदर कंबरेला खोचला. "पण खोट्यावर ठेवून घेतलेली न्हाई राहायची मी. तुम्हाला मी पाहिजे असंल तर माझ्या बापाला विचारा. सगळ्या दुनियेची खबर वाचता, एवढं एक बोलता येत न्हाई?"

ती आत गेली. जाताना दार मात्र पुरतं लावलं नाही.

रामकिसनचा धीर होत नव्हता. मामाच्या जिवावर राहणारा, काम बंद पडलेला पोरगा. कडूबापुढे कोणत्या तोंडानं बोलणार? पण दिलेला शब्द त्यानं पाळला. त्या संध्याकाळपासून बोट एकदाही उलटं फिरलं नाही. ओसरीवरचं हसणं कमी झालं. माणसं उठताना 'जल्दी काहीतरी करावं लागंल' म्हणू लागली. एकेक घर बायका-पोरांना पलीकडे पोचवू लागलं. पोळ्याचे बैल यंदा वाजतगाजत निघालेच नाहीत.

पोळ्यानंतर चार दिवसांनी त्यानं पेपर उघडला आणि त्याचा चेहराच उतरला. बोलणी मोडली होती. हद्दीवरचे रस्ते आता केव्हाही बंद होणार होते. त्यानं सगळं वाचलं, एक शब्द न गाळता. बोट उजवीकडून डावीकडे जात होतं आणि दाराआड झुंबर त्या बोटाकडे बघत रडत होती. एवढा खरा माणूस तिनं पाहिला नव्हता, आणि त्याच्या खरेपणानंच ती त्याला दुरावणार होती.

"उद्या सकाळी गाडी काढतो," कडूबा म्हणाला. "मायलेकींना चिखलीला सोडतो. पण नाक्यावर उर्दूत बोलावं लागंल. रामकिसन, तू येशील?"

"येतो, मामा."

एवढंच. त्याच्या ओठांवर आणखी काही आलं होतं, हे आत झुंबरला दिसलं. ते तिथेच राहिलं.

सकाळी गाडी निघाली. कडूबा पुढे, कासरा धरून. मागे मायलेकी, बोचकी, आणि गाडीसोबत पायी चालणारा रामकिसन. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याला आली होती. झुंबर मनात म्हणत होती, आता बोल... त्या बाभळीपर्यंत बोल... बरं, त्या ओढ्यापर्यंत तरी. ओढाही मागे पडला.

नाक्यावर जमादारानं गाडी अडवली. पिकलेल्या दाढीचा, थकलेला माणूस. रामकिसननं अदबीनं सलाम करून सगळं सांगितलं. जमादारानं मान डोलावली.

"बूढ़े को और औरतों को जाने दो. मगर ये जवान छोकरा? रोज दस छोकरे उधर बागियों के कैंप में भाग रहे. ये इनका कौन लगता?"

शिपायांनी रामकिसनचा दंड धरला. खरं सांगितलं तर तो आत जाणार, कोठडीत. आणि खोटं न बोलण्याचा शब्द त्यानं कुणाला दिला होता? समोर गाडीत बसलेलीला! तो गप्प उभा राहिला. एकदा फक्त त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"मालक हैत माझे," झुंबर म्हणाली.

कडूबाच्या हातातला कासरा सैल झाला. जमादारानं वाकून गाडीत बघितलं. पण त्याची नजर पोरीच्या रिकाम्या गळ्यापर्यंत पोचायच्या आतच गोजरबाईनं पदर झपकन लेकीच्या डोक्यावरून पुढे ओढला, पार गळ्याखाली. मग तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"अच्छा? तो नाम बोल तेरे मरद का."

आता ही पटकन नाव सांगणार आणि सगळं उघडं पडणार, असं रामकिसनला वाटलं. झुंबरनं तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं. दीड-दोन महिने ते तिनं मनात हजारदा घेतलं होतं, पाण्याला जाताना, भाकरी थापताना. पण आज ते ओठांबाहेर निघेना. नाटक म्हणून नाही. खरंच निघेना. कानशिलं तापली, मान खाली गेली, आणि ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

जमादार हसला.

"बहन होती तो पट से बता देती. इत्ते साल नौकरी की इस मुल्क में, किसी घरवाली के मुँह से मरद का नाम नहीं सुना मैंने. जाने दो रे!"

शिपायांनी दंड सोडला. गाडी निघाली.

हद्दीचा दगड गेला. मैलभर वाट सरली तरी कडूबानं मागे वळून पाहिलं नाही. रामकिसनला राहवेना. तो गाडीच्या मागच्या अंगाला येऊन हळूच म्हणाला, "मला खोटं बोलू नको म्हणून ताकीद, अन् सवता?"

"खोटं कुठं?" पदराआडून उत्तर आलं. "खबर जरा लवकर दिली, इतकंच."

तो थांबला. मग लांब ढांगा टाकत गाडीच्या पुढे गेला आणि बैलांच्या बाजूनं चालत, खाली बघत, एका दमात बोलून मोकळा झाला. "मामा, माझ्याकडं आज काहीच न्हाई. जिनिंग सुरू झालं की पगार हाये. पण झुंबरला मला द्या. मी तिला जिवापाड जपीन."

कडूबानं लिंबाच्या सावलीत बैल उभे केले. पुष्कळ वेळ तो बैलांच्या पाठीवरच्या माश्या हाकलत राहिला.

"पोरगं सकाळधरून पायी चाललंय," तो शेवटी म्हणाला. "झुंबर, त्याला पाणी दे."

झुंबरनं तांब्या भरला. रामकिसन पाठमोरा उभा होता. त्याला हाक मारायची होती. ती एकदा आईकडे बघून घेऊन, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "अहो... पाणी घ्या."

गोजरबाईनं डोळ्यांना पदर लावला. रामकिसन वळला, आणि तांब्या घ्यायचा सोडून नुसता तिच्याकडे बघत उभा राहिला. कडूबानं घसा खाकरला, गाडीवरचं एक बोचकं उचलून मागे सरकवलं आणि आपल्या शेजारी जागा केली.

"बस वर," तो म्हणाला. "चिखलीत पोचलं की त्या मास्तराच्या घरी आधी निरोप द्यावा लागंल."