मोरणीची शिंक

सन २०२४, माघी पौर्णिमा. थंडी सरत आली होती आणि खाडीला उधाण होतं.

श्रीवर्धनकडच्या त्या गावात रघूच्या शेळ्या रोज खारबांधावरून चरायला जात. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला कापणी झालेली भातखाचरं. पुढे नेहमी मोरणी नावाची शेळी असायची. ती शेजारच्या सत्यवतीवहिनीची. रघूने वाट्याने पाळायला घेतलेली. पहिलं करडू पाळणाऱ्याचं, दुसरं मालकिणीचं. दुसऱ्याचं दूध सुटलं आणि दिवाळीत मोरणी मेली. रघूने तिच्या गळ्यातली घंटा परत दिली, करडू ठेवून घेतलं.

"माय मेली, वाटाबी मेला," तो म्हणाला.

"वाटा मरत न्हाय, रघूभाऊ," वहिनी हसली. "मोरणी येईल मागायला."

"येऊ दे. पाला घालीन तिला."

त्या दिवशी भर बाराला तो कळप घेऊन परत निघाला. वारा पडला होता. चिखलाचा उग्र वास सुटला होता. शेळ्या काठच्या तिवराच्या झुडपांना तोंड घालत, एकमेकींना ढुशा देत मजेत चालल्या होत्या. मागून रघूच्या शिव्या चालूच होत्या.

पुढे कोणीतरी शिंकलं.

शेळी भ्याली की अशीच शिंकते, खूर आपटते. मग बाकीच्या कारण विचारत नाहीत. साऱ्या जागच्या जागी थांबल्या, कान पुढे करून. पण पुढे शेळीच नव्हती... नुसता बांध होता.

"चला गं! बायको शिंकली तरी मी थांबत न्हाय, तुम्ही कोण लागून गेल्या?"

काठी उगारून तो कळपाच्या पुढे झाला. पुन्हा शिंक आली, अगदी जवळून. खूर आपटला. मग घंटा वाजली... मोरणीची, चिरकी. तशी दुसरी गावात नव्हती.

रघूचा उचललेला पाय तसाच राहिला.

समोरचा बांध मुकाट खचला. खांड पडली आणि खाडी खाचरात घुसली.

शेळ्या वळल्या, तसा रघूही वळला. लांबच्या वाटेने सारा कळप सुखरूप घरी आला. पाणीही न पिता त्याने करडू काखेत मारलं आणि वहिनीचं अंगण गाठलं.

"काय भाऊ, मोरणी आली होती वाटतं?" वहिनीने चेष्टा केली.

रघूने ओटीकडे पाहिलं. खुंटीवर घंटा टांगलेली होती. तिच्यातून खारं, गढूळ पाणी ठिबकत होतं.

त्याने करडू वहिनीच्या दावणीला बांधलं.