पन्नास सेकंदांची शांतता

शनिवारी सकाळी सव्वानऊला ताईचा फोन वाजला. पलीकडे धाकटी बहीण होती.

“ताई, जरा येतेस का? कॅसेट लागत नाहीये. ‘नावाडी’चं चित्र कुणीतरी पुसून टाकलंय. रेडिओकाका हटूनच बसलेत, ताईंना बोलवा म्हणून.”

“उद्याच ना तुझा कार्यक्रम?”

“उद्याच.”

ताईने चपला घातल्या. चौतीस वर्षं तिने टेलिफोन खात्यात बिघाड शोधण्यात घालवली होती. कानाला रिसीव्हर लावून, तार कुठे तुटली, कुठे पाणी शिरलं, हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची. निवृत्त झाल्यावर हे काम तिला कुणी सांगत नव्हतं. आज सांगितलं, तेही धाकटीने. चालता चालता तिला जरा बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

दोन गल्ल्या पलीकडे, शिलाई मशीनच्या दुकानावरच्या मजल्यावर धाकटीचं ‘संगणकघर’ होतं. चाळीस वर्षांपूर्वीचे चौदा घरगुती संगणक तिथे ओळीने मांडलेले होते. टीव्हीला जोडायचे आणि कॅसेटवरून गेम चढवायचे, असे. बाकी ठिकाणी ते कधीच भंगारात गेले होते. इथे ते चालत होते. लोक यायचे, लहानपणीचे गेम खेळायचे आणि जाताना धाकटीचे हात हातात घ्यायचे.

ताई तिथे चारपाचदा गेली होती. खेळली मात्र एकदाही नव्हती.

त्याला कारण होतं. वडिलांनी घरी संगणक आणला तो धाकटीसाठी. ताईला एकोणिसाव्या वर्षी एक्स्चेंजमध्ये चिकटवलं आणि धाकटीला कॉलेजात घातलं. ताई कामाची पाळी संपवून घरी यायची तेव्हा धाकटी आणि तिची मैत्रीण टीव्हीसमोर डोक्याला डोकं लावून बसलेल्या असायच्या. त्यातूनच ‘नावाडी’ हा गेम निघाला. त्याला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. ‘गेम लिहिणारी मुलगी’ म्हणून पेपरात फोटो आला, धाकटीचा एकटीचा. ते कात्रण वडिलांनी चौकटीत घालून भिंतीवर लावलं. ताईच्या नोकरीचं पत्र कपाटाच्या खणात राहिलं.

चाळीस वर्षांत ताई हे कुणाला बोलली नव्हती. विसरलीही नव्हती.

खोलीत तिघं होते. धाकटी, रेडिओकाका आणि पेटीपॅक.

रेडिओकाका म्हणजे पूर्वीचे रेडिओ दुरुस्त करणारे. चौदाच्या चौदा संगणक त्यांच्याच हातून पुन्हा जिवंत झालेले. पेटीपॅक हा पंचेचाळिशीचा संग्राहक. घरी तीस जुने संगणक बाळगून होता, सगळे कंपनीच्या खोक्यात, सील न फोडलेले. नाव त्यावरूनच पडलेलं. खोलीच्या किल्ल्या या तिघांकडेच होत्या.

“आधीपासून सांगा,” ताई म्हणाली.

धाकटीने सांगितलं. तिची स्वतःची ‘नावाडी’ची कॅसेट बुरशी लागून केव्हाच गेली होती. मैत्रीण गेल्या वर्षी वारली. तिच्या मुलीला ट्रंकेत एक कॅसेट सापडली, वर शाईने ‘नावाडी’ लिहिलेली. गुरुवारी ती मुलगी स्वतः येऊन कॅसेट देऊन गेली. शुक्रवारी दुपारपर्यंत ती धाकटीने जवळच ठेवली, मग इथे आणली. आता जगात ही एकच. रविवारी तिच्यासमोरच ती पहिल्यांदा लावायची, असं ठरलं होतं.

“तू लावून पाहिली होतीस?”

“नाही. म्हटलं, रविवारीच पाहू.”

“प्रत काढलीस?”

“राहून गेलं.”

“आज कुणी लावली?”

“मी, या दोघांच्या देखत,” काका म्हणाले. “म्हटलं उद्या फजिती नको. पाच मिनिटं टीव्हीकडे टक लावून बसलो. काही उमटलंच नाही. गेम गेला, ताई.”

“सगळा गेम गेला,” पेटीपॅक म्हणाला. “कुणीतरी लोहचुंबक फिरवलं असणार. आणि या खोलीत लोहचुंबकं कुणाच्या खणात आहेत, ते मी सांगायला नको.”

काकांचा चेहरा लाल झाला. “मुलीकडे ही कॅसेट मागायला कोण गेलं होतं, तेही सांगा की.”

ताईने हात वर केला. मग कॅसेट उचलून खिडकीपाशी नेली. मागच्या कडेचं छोटं प्लास्टिक मोडलेलं होतं. ते मोडलं की टेपवर दुसरं काही भरता येत नाही. मैत्रिणीने ते मुद्दाम मोडून ठेवलं असणार. पण त्या खाचेवर आता चिकटपट्टीचा तुकडा होता. स्वच्छ, नवा.

लोहचुंबकाला चिकटपट्टी लागत नाही.

“टेप मला ऐकायचीय,” ती म्हणाली. “संगणकाला जोडू नका. नुसती ऐकायची.”

धाकटीने टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली. ताईने कान जवळ नेला. आधी एक बारीक टक् आली. मग शांतता. कोऱ्या टेपची नव्हे, टेपरेकॉर्डरने शांतताच भरलेली. ताई घड्याळाकडे बघत होती. पन्नासाव्या सेकंदाला पुन्हा टक्. क्षणभर पोकळी, आणि मग एक लांब शिट्टी, पाठोपाठ कर्कश खरखर. ती चार मिनिटं चालली.

“हे काय आहे?” ताईने विचारलं.

काका खुर्चीतून उठले होते. “गेम आहे, ताई. अहो, गेम आहे हा. फक्त सुरुवात गेलीय. संगणकाला सुरुवात सापडली नाही म्हणून तो पुढचं घेत नव्हता. मला सुचलंच नाही.”

“सुरुवातीला काय असतं?”

“चार ओळींचा छोटा प्रोग्राम आणि पहिलं चित्र. गेमचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, वगैरे. चार ओळी मी नव्या लिहीन, गेम चालेल. चित्र तेवढं गेलं.”

“मग झालंच की,” धाकटी पटकन म्हणाली. “चित्राशिवाय दाखवू.”

ताईने तिच्याकडे पाहिलं.

तिने आधी काकांना बाजूला घेतलं.

“काल तुम्ही इथे कधी होतात?”

“साडेचार ते सहा.”

“एकटे?”

“एकटाच.”

“काय केलंत?”

“कळा पुसल्या. वीज नव्हती ना. खिडकीत बसून एका कीबोर्डच्या सगळ्या कळा उपसून धुतल्या.”

वीज नव्हती हे ताईला ठाऊक होतं. साडेचारला तिची घरची पिठाची गिरणीही अर्ध्या दळणावर थांबली होती आणि सव्वासहापर्यंत सुरू झाली नव्हती.

“टेपरेकॉर्डर सेलवर चालतो?”

“सेल इथे ठेवतच नाही. पाझरतात आणि आतलं सगळं खातात. चौदातले सहा संगणक सेलनेच मेले होते.”

“एक विचारू? उद्याच्या पत्रिकेत तुमचं नाव नाहीये.”

“नाही. लागलं मनाला. तिचं नाव ठळक, माझं कुठेच नाही. पण म्हणून मी टेप पुसेन? आयुष्यभर बिघडलेलं नीट केलं, ताई.”

मग पेटीपॅक.

“काल तुम्ही कधी आलात?”

“तीन ते चार. वीज होती, हे मीच सांगतो, म्हणजे तुम्हाला शोधायला नको.”

“कॅसेट तुम्हाला हवी होती?”

“हवी होती. का नको? ही बाई सगळ्यांना हात लावू देते. पोरंसोरं कळा बडवतात. माझ्याकडे ती जपून राहिली असती.” त्याचा आवाज चढला. “आणि तरी मुलीने दिली कुणाला? हिला. लोक येतात कुणाकडे? हिच्याकडे. माझ्याकडे तीस आहेत, कुणी बघायला येत नाही.”

हा सूर ताईच्या ओळखीचा होता. तिने दुसरीच एक कॅसेट त्याच्या हातात ठेवली. “ही जरा लावून दाखवा.”

पेटीपॅकने कॅसेट उलटी धरली. मग सुलटी. संगणकामागच्या तीन भोकांपैकी वायर कुठे घालायची, ते पाहत राहिला. एका भोकात घातली, काढली, दुसऱ्यात घातली. मग टेपरेकॉर्डरवरची दोन बटणं एकदम दाबली आणि झाकण उघडून कॅसेट बाहेर आली.

“तुम्ही कधी गेम चढवलाच नाहीये,” ताई म्हणाली.

“सील फोडावं लागतं,” तो खाली बघत पुटपुटला. “काकांना सांगू नका.”

दुपारी ताईने तिघांनाही समोर बसवलं. दोघा पुरुषांना बाहेर पाठवून बहिणीशी एकटीने बोलता आलं असतं. तिने पाठवलं नाही. का नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

“ज्याने पुसलं, त्याने लोहचुंबक वापरलं नाही,” तिने सुरुवात केली. “चिकटपट्टी लावून, टेपरेकॉर्डरचं भरायचं बटण दाबून पुसलं. म्हणजे वीज हवी. काका होते तेव्हा वीज नव्हती आणि सेल इथे नसतात. काका सुटले.”

काकांनी मान हलवली.

“पेटीपॅक होते तेव्हा वीज होती. पण ज्याने पुसलं त्याने आधी टेप लावून पाहिली, चित्र कुठे संपतं ते ओळखलं आणि नेमकं तिथे हात उचलला. पेटीपॅकना...” ती थांबली. “त्यांना ते जमणारं नाही. याबाबत माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.”

पेटीपॅकने सुटकेचा निःश्वास टाकला.

“आता मला सांगा. ज्याला गेमचा राग आहे, तो सगळा गेम पुसेल. त्याला चार मिनिटं जास्त लागली असती, एवढंच. पण याने गेमला धक्का लावला नाही. गेमवर याचं प्रेम आहे. त्याला फक्त चित्र नको होतं. आणि चित्रात काय असतं? लिहिणाऱ्याचं नाव.”

धाकटी टेबलाच्या कडेकडे बघत होती.

“सकाळी तू फोनवर म्हणालीस, चित्र पुसलंय,” ताई तिला म्हणाली. “काका म्हणाले, गेम गेला. हे म्हणाले, सगळा गेम गेला. पडद्यावर काहीच आलं नव्हतं, म्हणजे तसंच वाटायला हवं. मी टेप ऐकेपर्यंत फक्त चित्रच गेलंय, हे एकालाच माहीत असू शकत होतं.”

“ताई, बोलण्याच्या भरात...”

“आणि तू म्हणालीस, प्रत काढायची राहिली. तुझ्याकडे आलेली कॅसेट संध्याकाळच्या आत तू उतरवून घेतेस. बाकीच्या कपाटभर कॅसेटींची प्रत आहे. ज्या एका कॅसेटची तू चाळीस वर्षं वाट पाहिलीस, तिचीच राहिली?”

धाकटीने डोळे मिटले.

“काल संध्याकाळी काका गेले, वीज आली, मग तू कुलूप लावायला आलीस. पण पुसण्याआधी तू प्रत नक्की काढलीस. तुझ्याच्याने तसंच पुसवलं नसतं. कुठे आहे?”

धाकटी उठली, पर्समधून एक पेन ड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला.

“एकच नाव आहे,” ती म्हणाली. “तिचं. खाली बारीक अक्षरात ‘खेळून पाहिलं’, आणि पुढे माझं. सगळा गेम तिने लिहिला, ताई. मी शेजारी बसून खेळायचे आणि कुठे अडकतंय ते सांगायचे. स्पर्धेच्या वेळी ती आजारी पडली. अर्ज मी नेऊन दिला. त्यांनी विचारलं, तुम्हीच का? मी हो म्हणाले.”

“तिने काही विचारलं नाही?”

“पेपर आल्यावर ती परत आलीच नाही.” धाकटीचा आवाज खाली गेला. “तिला सुचायचं ना, ते मला कधीच सुचलं नाही. नुसतं शेजारी बसूनही मला जळायला व्हायचं. फोटो आला, बाबांनी भिंतीवर लावला, मग कुणाला काय सांगणार? परवा ते चित्र पाहिलं. वाटलं, एवढं एक गेलं की संपलं.”

पेटीपॅक खोकला आणि खिडकीकडे गेला. काका जागेवरच बसून राहिले.

ताईला वाटलं होतं, या क्षणी ऊर भरून येईल. ज्या कात्रणाकडे पाहत तिने कुढत वर्षं काढली, ते खोटं होतं. पण हाती काहीच लागलं नाही. जिचा हेवा केला ती मुलगी मुळात नव्हतीच. समोर होती ती तिच्यासारखीच, शेजारी बसून दुसऱ्या मुलीकडे हेव्याने बघणारी.

“उद्या तू सांगायचंस,” ताई म्हणाली. “मी नाही सांगणार.”

रविवारी खोली भरली होती. मैत्रिणीची मुलगी पहिल्या रांगेत होती. धाकटी उभी राहिली. हातात कागद होता, तो तिने वाचला नाही.

“‘नावाडी’ माझा नाही. हिच्या आईचा आहे. मी नाव घेतलं, ते चुकीचं होतं. कॅसेटवरचं चित्रही परवा मीच पुसलं. प्रत आहे, ती लावतोय. आणि इथला एकूणएक संगणक या काकांनी जिवंत केला, तेही आजवर मी सांगितलं नव्हतं.”

काकांनी कळ दाबली. पडद्यावर चित्र ओळीओळीने उतरू लागलं. आधी आकाश, मग नदी, मग होडी. खाली एका बाईचं नाव अक्षर अक्षर करून उमटलं.

मुलगी ते संपेपर्यंत बघत राहिली. मग धाकटीला म्हणाली, “आई घरात तुमचं नाव कधी घ्यायची नाही. का, ते आज कळलं.” गेम संगणकात चढला तशी तिने कॅसेट मागून घेतली, प्रतही घेतली आणि कुणी खेळायला बसायच्या आत निघून गेली. धाकटीने तिला थांबवलं नाही.

संध्याकाळी लोक पांगले. पेटीपॅक जाताना काकांच्या कानाशी काहीतरी बोलला. एका संगणकाचं सील फोडायचं होतं म्हणे, सोबत हवी होती. खोलीत दोघी बहिणी उरल्या. टीव्ही आणि संगणक चालूच होते; बंद केले की गेमही जाणार होता. नदीत नाव थांबलेली होती.

ताईने खुर्ची ओढली.

“डावीकडे जायला कुठली कळ?”

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. मग शेजारी येऊन बसली. “ही. आणि भोवरा दिसला की कळ सोडायची. दाबून धरायची नाही.”

ताईने दाबून धरली. नाव गरकन फिरली आणि बुडाली.

“दे इकडे, दाखवते,” धाकटी म्हणाली. तिची बोटं नुसती टेकली न टेकली आणि नाव एकामागून एक भोवरे चुकवत पलीकडच्या काठाला लागली.

ताई ते बघत होती. हिला हे किती सहज येतं, असं तिच्या मनात आलंच.

“सरक,” ती म्हणाली. “आता माझी पाळी.”