तिसरा सूर जरा आळशी

“अहो, बघताय काय... धरा!”

जिन्याच्या वळणावर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं एक लांबरुंद धूड आणि त्याखाली दोन हात, एवढंच मला दिसलं. खांद्यावरची लॅपटॉपची पिशवी मी मागे सारली आणि पुढचं टोक धरलं. धरलं कसलं, त्या धुडाने मला भिंतीशी चेपलंच.

“यात आहे तरी काय?”

“सिंथेसायझर. जुना. पस्तीस किलो.”

“पस्तीस किलोत आवाज किती?”

“एक. पण स्वतःचा.”

“माझ्या या पिशवीत अडीचशे आहेत,” मी म्हणाले. “आणि जिना चढताना लोकांना हाका माराव्या लागत नाहीत.”

तेव्हा कुठे धुडामागून चेहरा वर आला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर घाम... आणि हसू. मी पुढचं वाक्य विसरले. माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही.

“अडीचशे फोटो असतील,” तो म्हणाला. “माणसं नव्हेत.”

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. पण त्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या त्याच्या कार्यशाळेत ते धूड टेबलावर ठेवून मी निमूटपणे वर आत्याकडे गेले. आत्याचं शिवणकामाचं दुकान त्याच्या बरोबर डोक्यावर. माझं तोंड बघताच तिने कात्री खाली ठेवली.

“खालचा भेटला वाटतं? वाद्यं दुरुस्त करतो. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. बोलत फारसा नाही.”

“माझ्याशी बोलला की!”

“हो का?” आत्या म्हणाली आणि तिने कात्री पुन्हा उचलली. तिचा तो ‘हो का’ मी लहानपणापासून ओळखते.

त्या डॉक्टरची मला गरज पडेल, असं मात्र दोघींनाही वाटलं नव्हतं. चारच दिवसांनी अण्णांनी बोलावलं. अण्णा म्हणजे आमच्याकडचे नाटकांचे मोठे संगीतकार. वीस वर्षं त्यांच्याकडे कीबोर्ड वाजवणारे गृहस्थ परदेशात मुलाकडे राहायला गेले होते आणि त्या जागेवर अण्णा मला घेऊन बघणार होते. नवीन नाटक, शेवटचा प्रवेश, बाप मुलीचं पत्र वाचतो.

“मला असा आवाज हवा, की तो सुरू कधी झाला ते कळता कामा नये,” अण्णा म्हणाले. “आणि थांबला की खोली रिकामी वाटली पाहिजे. पुढच्या शुक्रवारी रेकॉर्डिंग. जमलं तर तू माझी कायमची वादक. आणि एक सांगून ठेवतो, तो लॅपटॉप नको. त्या डब्यात जीव नसतो. खरं मशीन घेऊन ये.”

सहा वर्षं मी मुलांच्या क्लासात ‘बोटं गोल ठेवा, बोटं गोल’ म्हणत काढली होती. शुक्रवार हुकला असता तर पुन्हा तेच, आणि बहुधा जन्मभर. म्हणून मी नाक मुठीत धरून पहिल्या मजल्यावर गेले.

“फोटोंनी भागत नाही वाटतं?” डॉक्टर म्हणाला.

“भागतं. संगीतकारांचं भागत नाही. मशीन भाड्याने द्याल का?”

“नुसतं नाही देणार. आठवडाभर इथे बसून त्याच्याशी ओळख करून घ्या, मग न्या.”

“हे काय, स्थळ बघणं आहे का?”

म्हटलं आणि जीभ चावली. तो टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला. बराच वेळ शोधत होता.

मग रोज दुपारी मी तिथे. खोलीभर उघडी पोटं टाकून पडलेली वाद्यं, कथिलाचा वास, पावसाने ओल्या झालेल्या खिडकीशी एक स्टूल... ते माझं. मशीनवर पन्नास-एक बटणं, सगळी गोल फिरवायची. पडदा नाही, आकडे नाहीत, आवाज साठवायची सोय नाही. जो आवाज हवा तो हातांनी जमवायचा आणि कानांनी ओळखायचा. पहिले दोन दिवस माझ्या हातून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखे आवाज निघाले. तो मान वर न करता म्हणायचा, “वैतागू नका, तुम्हीही त्याला नवीनच आहात.”

प्रत्येक वाद्याची त्याने एक वही केली होती. या मशीनच्या वहीत बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘सुरू केल्यावर वीस मिनिटं रुसलेलं असतं, बोलू नये. एका वेळी सहा सूर काढतं. सहा भाऊ, सहा स्वभाव. तिसरा आळशी, उशिरा येतो आणि किंचित खाली राहतो. दुरुस्त करता येईल. करू नये.’

“करू नये?” मी विचारलं.

“तो सुधारला तर बाकीचे पाच कंटाळवाणे वाटतात.”

मला तेव्हाच तो आवडला होता. उगाच पुढचं पान उलटल्यासारखं केलं, झालं. दुसऱ्याच्या खोडी इतक्या प्रेमाने लिहून ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या खोडी तर घरात मोठ्याने वाचून दाखवल्या जात.

इकडे वर त्याच्या फेऱ्या वाढल्या. शिलाई मशीनचं तेल मागायला तो पूर्वी महिन्यातून एकदा यायचा म्हणे, आता रोज यायला लागला. तेही मी आत्याकडे चहा घेत असताना.

“अहो डॉक्टर,” आत्या एकदा बाटली पुढे करत म्हणाली, “इतक्या तेलात माझी तिन्ही मशीनं पोहली असती. तुमचं काय गंजलंय तरी काय?”

तो कानापर्यंत लाल झाला आणि बाटली न घेताच खाली गेला. मी हसले. मग दिवसभर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं.

गुरुवारी तो एक पियानो लावायला बाहेर गेला होता. किल्ली माझ्याकडे होती. मी मशीन सुरू केलं आणि त्याचं रुसणं संपायची वाट न बघता वाजवायला बसले. पंधरा मिनिटं झाली असतील... आणि तो आवाज आला. कुठून सुरू झाला, मला खरंच कळलं नाही. पावसाचा आवाजच जरा जवळ आला असं वाटलं आणि मग लक्षात आलं की माझी बोटं पट्ट्यांवर आहेत. थांबले. खोली रिकामी झाली.

फोनवर आठ सेकंदांचा तुकडा रेकॉर्ड करून मी अण्णांना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘हाच. उद्या हाच.’

मी उड्या मारत वर गेले, आत्याला मिठी मारली, तिच्या हातातल्या टाचण्या सांडल्या, त्या आम्ही दोघींनी मिळून वेचल्या. परत खाली आले तेव्हा डॉक्टर आलेला होता. मशीन बंद होतं. मऊ फडक्याने तो मशीनचं कपाळ पुसत होता... आणि पन्नासच्या पन्नास बटणं शून्यावर.

“उद्या न्यायचंय ना,” तो म्हणाला. “वाद्य हलवण्याआधी मी सगळं शून्यावर आणतो. बटणं मोडत नाहीत.”

“काय केलंस तू हे!”

‘तुम्ही’ कुठल्या कुठे गेलं. त्यालाही ते कळलं नाही, कारण त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“तू... लिहून नाही ठेवलंस? फोटो नाही काढलास?”

नव्हता काढला. लॅपटॉपवर वाढलेली मी, तिथे सगळं आपोआप साठवलं जातं. आवाज जपावा लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि हातांनी काम करणारे लोक बटणांच्या जागा लिहून ठेवतातच, हे त्याने धरून चाललेलं. दोघांनी आपापल्या शिस्तीत राहून माझ्या सहा वर्षांच्या वाट बघण्यावर बोळा फिरवला होता. मी स्टुलावर बसले आणि चक्क रडले.

तो समजूत घालायला आला नाही. त्याने मशीन सुरू केलं. “तुकडा लाव,” म्हणाला.

दीड तास आम्ही ते आठ सेकंद ऐकत होतो. तो डोळे मिटून ऐकायचा, एखादं बटण केसभर फिरवायचा, मान हलवायचा. त्याचं ते ऐकणं बघताना माझं रडणं कधी थांबलं, कोण जाणे. मला वाटायचं, माझं ऐकताना हा असाच ऐकत असेल का? आवाज जवळ आला, अगदी जवळ आला. पण तोच तो नव्हता.

“कारण समजलं,” तो शेवटी म्हणाला. “तू अर्धवट गरम झालेल्यावर वाजवलंस. सहाही भाऊ अजून जागे व्हायचे होते. आता सगळे जागे झालेत. आणि उद्या तिथे नेमक्या त्या मिनिटाला, त्याच अवस्थेत पकडायचं म्हणजे...” त्याने हात पसरले. आपलं लाडकं मशीन हरलं, हे सांगायला त्याला किती जड गेलं असेल!

मी वर गेले आणि आत्याकडे ठेवलेला लॅपटॉप आणि त्याला जोडायचा छोटा कीबोर्ड घेऊन आले.

याच मशीनची सॉफ्टवेअरमधली प्रतिकृती माझ्याकडे होती. पडद्यावर तीच पन्नास बटणं. वीस मिनिटांत मी सांगाडा उभा केला. त्याने ऐकलं.

“कसा आहे?” मी विचारलं.

“इस्त्री केलेला. सगळे सूर एका रांगेत, वेळेवर, नीटनेटके. असं कुठलं घर असतं का?”

“मग सांग ना घर कसं आहे! तुला माहितेय, लॅपटॉपला नाही.”

मग त्याने वही उघडली. तो वाचत गेला, मी करत गेले. तिसऱ्याला उशीर, किंचित खाली. पाचवा सुरुवातीला थरथरतो. पहिला आणि दुसरा एकमेकांत मिसळायला वेळ घेतात. वहीत नव्हतं तेही तो सांगू लागला, डोळे मिटून, आपल्याच घरच्या माणसांबद्दल सांगावं तसं. आणि मला जे कधी पटलं नसतं ते पटलं. माझ्या डब्यात काही कमी नव्हतं. त्याला फक्त या मशीनवर माया करणारं कुणी भेटलं नव्हतं. खिडकीबाहेर दिवे लागले तेव्हा खोलीत तो आवाज होता. अर्ध्या जागेपणीचा, जसाच्या तसा. पुन्हा वाजवला, पुन्हा तोच. मशीनला स्वतःला हे जमलं नसतं.

डॉक्टरने वही मिटली. मग म्हणाला, “हा फोटो नाही.” आणि मला वाटलं, जगातल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा हे मोठं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओच्या दारात तो उभा होता. ब्लँकेटमधलं धूड कवटाळून.

“अरे, ते आता कशाला?”

“असू दे बरोबर,” तो म्हणाला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी पुढे काही विचारलंच नाही.

अण्णा काचेपलीकडे बसले होते. त्यांना माझी बोटं दिसत होती, लॅपटॉप दिसत नव्हता. मशीन माझ्यासमोरच मांडलेलं होतं आणि लॅपटॉपचा छोटा कीबोर्ड त्याच्यावर. लाल दिवा लागला. वाजवलं. थांबले.

“याला म्हणतात खरं मशीन!” स्पीकरमधून अण्णांचा आवाज आला. “तुझ्या त्या डब्यातून हे निघालं असतं का?”

नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. मी डॉक्टरकडे पाहिलं. तो कोपऱ्यात उभा होता. मी गप्प राहिले असते तर बाजी त्याच्याच मशीनची होती. त्याने खुणेनेही काही सांगितलं नाही. निर्णय त्याने माझ्यावर सोडला होता.

“अण्णा,” मी म्हणाले, “हे डब्यातूनच निघालंय.”

दार उघडलं. अण्णा आत आले. त्यांनी मशीनवर हात ठेवला. ते गार होतं. “परत वाजव,” म्हणाले. मी वाजवलं. बोटं शहाण्यासारखी वागली. अण्णांनी डोळे मिटले, भुवया उंचावल्या.

“मधला एक सूर जरा मागे राहतोय.”

“तो तिसरा. तो असाच आहे. मला यांनी शिकवला.”

अण्णांनी डोळे उघडून आधी माझ्याकडे, मग डॉक्टरकडे पाहिलं. “वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, डब्यात जीव नसतो म्हणून,” ते हळूच म्हणाले. “आता काय, म्हातारपणी शब्द गिळायचे. ठीक आहे, गिळतो. आवाज हाच राहील आणि वाजवणारीही हीच.” मग ते डॉक्टरकडे वळले. “पण काय हो, तुम्ही हे धूड इथवर कशाला आणलंत?”

मी काहीतरी सांगणार होते... वीज गेली तर, लॅपटॉप अडला तर... पण तोच बोलला. माझ्याकडे बघून बोलला.

“मशीन लागणार नाही हे कालच ठरलं होतं. पण मग मीही लागणार नाही, असं झालं असतं. आठ दिवस मी त्याच्या जिवावर हिच्यासमोर बसलो. मोकळ्या हाताने यायचं म्हणजे... काय म्हणून यायचं, ते सुचेना.”

स्वतःबद्दल एवढं तो कधीच बोलला नव्हता. काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक उभा राहून बघत होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

“आवाजासाठी लागत नाहीस,” मी म्हणाले. “आवाज झाला माझा. तू मला लागतोस. चहाला, भांडायला... रोज. मला तू आवडतोस, एवढं साधं आहे ते.”

त्याने चष्मा काढला. पुसला. उलटा घातला.

“आटपलं असेल तर दिवा लावू का?” अण्णा दारातून म्हणाले. “बापाला पत्र वाचायचंय अजून.”

लाल दिवा लागला. डॉक्टर तिथेच माझ्या स्टुलाशी जमिनीवर बसला. मी पट्ट्यांवर बोटं ठेवली, सूर एकेक करून आले, तिसरा त्याच्या वेळेने आला आणि मी त्याची वाट बघितली.