खंडेनवमीला बदललेलं तेल

सोमवारी दुपारी एक वाजता त्र्यंबकराव डबा उघडतच होते, तेवढ्यात दारात एक तरुण बाई येऊन उभी राहिली आणि डबा पुन्हा बंद झाला.

नुंगंबाक्कमच्या त्या दीड खोलीच्या कचेरीत विद्युलता शिरोळकर विमा कंपन्यांसाठी खोटे दावे हुडकून काढत, आणि बँकेतून निवृत्त झालेले त्र्यंबकराव त्यांचे अहवाल लिहीत. चार वर्षांत बाईंनी आपला तर्क त्यांना एकदाही आधी सांगितला नव्हता. त्र्यंबकरावांना याचा मनस्वी राग होता, पण सांगणार कुणाला?

"मी रेवा जोगळेकर. तांबरमहून आले," ती बाई म्हणाली. "आज संध्याकाळी सहाला आमच्या बिल्डिंगची मीटिंग आहे. सेतुमाधव नावाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला काढून टाकणार आहेत. अठरा वर्षं ते जिन्याखालच्या खोलीत राहतात. बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या गाड्या चालवतात. त्यांना जायला दुसरी जागा नाही."

"त्यांनी काय केलं?" विद्युलताबाईंनी विचारलं.

"काही केलं असं मला वाटत नाही. आळ माझ्याच नवऱ्याने घेतलाय."

हकिगत अशी. काल दसरा होता. सकाळी सहाला सेतुमाधव जोगळेकरांची गाडी घेऊन रेवाच्या सासूबाईंना एग्मोर स्टेशनवर सोडायला निघाले. पल्लावरमजवळ इंजिन जाम झालं. त्यात तेलाचा थेंब उरला नव्हता. आदल्याच दिवशी रेवाच्या नवऱ्याने, दिनकरने, स्वतःच्या हाताने गाडीचं तेल बदललं होतं. सासूबाईंची गाडी चुकली, दिनकर भडकला, आणि सेतुमाधवांनीच रात्री काहीतरी सैल केलं असं त्याने सगळ्या बिल्डिंगसमोर ओरडून सांगितलं.

"चला त्र्यंबकराव," बाई म्हणाल्या. "डबा गाडीत खा."

लोकल गाडीत टेकायलाही जागा मिळाली नाही. डबा तसाच राहिला.

---

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दिनकर वाटच बघत होता. तो मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि सर्व्हिस सेंटरवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तेल घरीच बदलता यावं म्हणून त्याने दोन लोखंडी रॅम्प आणले होते. पुढची चाकं त्या उतारांवर चढवली की गाडीचं नाक वर होतं आणि खाली आडवं पडून काम करता येतं.

"बायकोने तुम्हाला आणलंय, माझी हरकत नाही," तो म्हणाला. "पण यात शोधायचं काय? तेल फिल्टरच्या बाजूने गेलंय, रस्त्यावरच्या मेकॅनिकनेही सांगितलं. ओढून आणल्यापासून मी गाडीला हात लावलेला नाही. पुरावा आहे तो. गाडीची किल्ली शनिवारी संध्याकाळपासून त्याच्याकडे होती."

"सेतुमाधवांचं तुमच्याशी वैर काय?"

"हे रॅम्प त्याच्या दाराशी ठेवतो म्हणून कटकट. महिनाभर चाललंय."

भिंतीवरच्या फळीवर जुने फिल्टर ओळीने मांडले होते. मुठीएवढे पाच डबे, प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर. माणूस किती टापटिपीचा आहे ते बघून त्र्यंबकराव थक्क झाले. त्यांनी पहिला डबा उचलला. त्याच्या तोंडावरचं काळं रबर बोटाला चिकटलं. शेवटचा, शनिवारचा, उचलला तर नुसत्या खाचेतलं तेल तळव्यावर सांडलं. दोन्ही हात काळे झाले आणि पुसायला फडकं नाही. आजचा दिवसच तसला होता.

"फिल्टर बसवतात कसा?" बाईंनी विचारलं.

"आधी जुना पान्याने काढायचा. नवा तेल भरून हातानेच लावायचा. रबर इंजिनला टेकलं की पाऊण फेरा द्यायचा."

"आणि मग इंजिन चालू करून खाली बघायचं, गळतंय का ते?"

"एरवी तसंच करतो. परवा खंडेनवमी होती. नव्या तेलावर गाडी दसऱ्यालाच सुरू करायची असं ठरवलं होतं. गिअर काढून ढकलत खाली घेतली."

गाडी परवा जिथे उभी होती ती फरशी बाई वाकून बघत राहिल्या. फरशीवर फुटलेल्या चार लिंबांच्या साली होत्या. तेलाचा एक डागही नव्हता.

---

दुसऱ्या मजल्यावरची नीलम कंप्युटर कंपनीत होती आणि नुकतीच झोपेतून उठली होती.

"त्या रॅम्पचा मलाही वैताग आहे," ती म्हणाली. "दर महिन्या-दोन महिन्यांनी माझी स्कूटी अडकते. गेल्या वेळी मी एक रॅम्प उचलून कोपऱ्यात भिरकावला होता. पण परवा मीच गाडी ढकलायला मदत केली. मी, सेतुमाधव अंकल आणि दिनकर. नंतर चारी चाकांखाली दिनकरने लिंबं ठेवली, गंध लावलं, आणि रॅम्प उचलून वर पूजेला नेले."

"रॅम्प पूजेला?"

"तीही हत्यारंच ना!"

जिन्यात त्र्यंबकराव कुजबुजले, "हीच. रॅम्प भिरकावणारी बाई काहीही करेल."

"तुमचे हात धुवा आधी," बाई म्हणाल्या.

रेवाच्या घरात देवासमोर पूजा अजून मांडलेलीच होती. पिवळे रॅम्प, जॅक, फिल्टर काढायचा पाना, टॉर्च, सगळ्यावर सुकलेलं गंध आणि झेंडू.

"हे वर कधी आलं?"

"गुरुजी शनिवारी सकाळी साडेनऊला येऊन बसले होते. हे गाडीखाली. हाका मारून मी थकले. शेवटी खाली गेले आणि मिळेल ते उचलून आणलं, टॉर्चसकट. तेव्हा जुना फिल्टर नुकताच निघाला होता. नवा हातानेच लागतो, मग पाना कशाला हवा, म्हटलं. हे चिडले खूप. रॅम्प तेवढे गाडी उतरल्यावर आले. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, माझ्या माहेरी फार कडक असतं."

"आणि कुणी लावला नाही?"

"मी दिवसभर इथेच होते. गंध बघा, कुठे पुसलंय?"

जिन्याखालच्या खोलीत सेतुमाधव ट्रंक भरून बसले होते. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातला माणूस, सत्तरीला टेकलेला. त्यांची मराठी ऐकून त्र्यंबकरावांना क्षणभर पोथी ऐकल्यासारखं वाटलं.

"म्यां फिल्टराला हात लाविला नाहीं, अम्मा. काल सकाळीं लिंबें पाहिलीं. चारीही धड होतीं. दिनकर सार स्वतां उभे होते. गाडी सुरू केली, हळू पुढें घेतली, चारी फुटलीं. मध्यें कोठें थांबलों नाहीं. पाटी अम्मांस, सारांच्या आईंस विचारा, त्या मागें बसल्या होत्या. पल्लावरमजवळ तेलाचा लाल दिवा लागला. तत्क्षणीं बाजूस घेतली. अय्यो, तोंवर इंजिन धरिलें."

"हे तुम्ही दिनकररावांना सांगितलंत?"

"सांगावयास कोणी विचारिलें पाहिजे ना. तुम्हीच पहिल्या."

साडेचार वाजले होते. म्हाताऱ्याच्या बाजूने बोलावं असं त्र्यंबकरावांना फार वाटत होतं आणि बोलायला एक मुद्दा सुचत नव्हता. किल्ली याच्याकडे, भांडण याचं, गाडी चालवणारा हा. मग दुसरं कोण? बाई मात्र भिंतीला टेकून घड्याळ बघत होत्या, याची चीड आणखी वेगळी.

---

पाच वाजता बाईंनी सगळ्यांना खाली बोलावलं. रॅम्प खाली आणवले. मीटिंगला जमू लागलेल्या माणसांनी गाडी ढकलून त्यांवर चढवली.

"दिनकरराव, फिल्टर सैल करायला गाडीखाली जावं लागतं. ही गाडी इतकी बुटकी, की रॅम्प नाहीतर जॅकशिवाय खाली हातही पोचत नाही. म्हणून तर तुम्ही रॅम्प आणलेत. शनिवारी पूजेनंतर रॅम्प आणि जॅक देवासमोर होते, त्यांचं गंध पुसलेलं नाही."

"त्याने दुसरीकडून जॅक आणला असेल!"

"आणि चाक उचलून, पुन्हा खाली टेकवताना लिंबू फुटलं नाही? चारी लिंबं सकाळी तुमच्या डोळ्यांदेखत धड होती. शिवाय फिल्टर सैल केला की त्यातलं तेल तिथेच गळतं. फरशी कोरडी आहे. म्हणजे रात्री गाडीखाली कुणी गेलंच नाही. बिघाड लिंबं ठेवायच्या आधीचा आहे, आणि तोवर गाडीखाली गेलेला माणूस एकच."

दिनकर लाल झाला. "मी? मी आठ वर्षं इंजिनं जोडतोय!"

"म्हणूनच तुमच्या फिल्टरची ओळ बघण्यासारखी आहे. त्र्यंबकराव, तुमचा एक हात रबराने काळा झाला. दुसरा?"

"दुसरा नुसत्या तेलाने," त्र्यंबकराव म्हणाले, आणि मग एकदम, "त्या शेवटच्याला रबर नव्हतंच!"

"चारांना आहे, शनिवारच्याला नाही. मग ते गेलं कुठे? फिल्टर निघाला, पण रबर वर इंजिनलाच चिकटून राहिलं. एरवी तुम्ही टॉर्च मारून ती जागा पुसली असती. पण टॉर्च पूजेला गेला होता, गुरुजी वर बसले होते आणि तुम्ही चिडलेले होता. गाडीखालच्या अंधारात नवा फिल्टर जुन्या रबरावर बसवलात. दोन रबरं एकावर एक, हाताला घट्टच लागलं. एरवी इंजिन दोन मिनिटं चालवून खाली बघितलं असतं. खंडेनवमी म्हणून तेही केलं नाहीत. इंजिन पहिल्यांदा चाललं ते काल. मोठ्या रस्त्यावर तेलाचा दाब वाढला, रबर सटकलं आणि सगळं तेल बाहेर."

"हा नुसता तर्क आहे!"

"मग काढून दाखवा. हात तुमचे, पाना तुमचा. टॉर्चसुद्धा आता मोकळा आहे."

दिनकर तावातावाने गाडीखाली सरकला. पान्याचा आवाज आला, मग काहीच आला नाही. त्याचे फक्त पाय दिसत होते आणि ते हलत नव्हते. त्र्यंबकरावांना त्या पायांची दया आली, आणि दया आल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

तो बाहेर आला तेव्हा एका हातात फिल्टर होता, रबरासकट. दुसऱ्या हातात आणखी एक रबर होतं, चपटं झालेलं आणि एका बाजूने फाटलेलं.

रेवा पुढे आली. "टॉर्च मीच नेला," ती म्हणाली.

"तू नेलास, पण बघितलं नाही ते मी," दिनकर म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. तो सेतुमाधवांसमोर गेला. "सेतुमाधव, चुकलो मी. माफ करा."

भोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. झालेलं सगळं बोलणं मराठीत होतं, त्यामुळे ती एकमेकांना काय झालं म्हणून विचारत होती.

"मराठींत आपण पांच-सहा जण आहों, सार," सेतुमाधव म्हणाले. "काल मला दुरोगी म्हटलें, दगाबाज म्हटलें, तें तमिळमध्यें म्हटलें. सगळ्यांनीं ऐकिलें. हेंही तमिळमध्यें सांगा."

दिनकरची तमिळ कारखान्यात ओरडण्यापुरतीच होती. माफी मागायचे शब्द त्याला कधी लागले नव्हते. त्याने नीलमकडे बघितलं, तिने मान फिरवली. त्याने बाईंकडे बघितलं, बाई घड्याळाला किल्ली देत होत्या. शेवटी तो लोकांकडे वळला आणि अडखळत, पडत, "तप्पु... एन्नोडदु" एवढं म्हणाला. चूक माझी आहे.

मागून बिल्डिंगच्या सेक्रेटरीने कानाला हात लावून विचारलं, काय म्हणाला?

दिनकरने सेतुमाधवांकडे पाहिलं. म्हातारा तसाच ताठ उभा होता.

मग दिनकरने तेच पुन्हा सांगितलं, या वेळी शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.