कडेचा तंतू

दुपारची जेवणं उरकल्यावर धाकटा खालच्या खोलीतून वॉकीटॉकीवरून म्हणाला, "दादा, वर जाऊन तेवढा चाचणीचा दिवा लावतोस का?" थोरला मुकाट्याने दुर्बिणीचा लोखंडी जिना चढला. बाहेर लख्ख ऊन, पण घुमट मिटलेला, त्यामुळे आत मिट्ट काळोख होता आणि ग्रीसचा जुना वास.

ही दुर्बीण थोरल्याने पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. रोज दुपारी पत्र्याच्या भोकांत एकेक काचतंतू आपल्या बोटांनी बसवायचा, तेव्हा कुठे रात्री एकेका दीर्घिकेचा प्रकाश खालच्या खोलीतल्या, प्रकाशाच्या रेघा उमटवणाऱ्या स्पेक्ट्रोग्राफपर्यंत पोचायचा. आता सख्ख्या धाकट्या भावाने नवे पाच हजार तंतू आणले होते आणि ते हलवायला चिमुकले रोबो. ज्यात थोरल्याची अख्खी दुपार जायची ते काम मिनिटात होणार होतं. जो तो धाकट्याची पाठ थोपटायचा, घरी आईसुद्धा. पिकतं तिथे विकत नाही, असं म्हणून थोरला हसायचा आणि आतल्या आत जळायचा.

म्हणून सकाळी कुणी नसताना त्याने अगदी कडेच्या तंतूच्या टोकावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा डकवला होता. उद्या पाहणीला साहेब लोक येतील, पडद्यावर त्या तंतूची रेघ काळी दिसेल, धाकट्याचं तोंड जरा उतरेल. बस, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने दिवा लावला. वॉकीटॉकी खरखरला.

"दादा... सगळंच काळं आहे रे. एकच रेघ उजळलीय."

"कुठली?"

"अगदी कडेची."

थोरल्याने बॅटरी लावून वाकून पाहिलं. कडेचा तंतू स्वच्छ होता. बाकी प्रत्येक टोकावर काळा तुकडा होता, त्याच्याच सवयीने कातरलेला, वर त्याच्याच अंगठ्याचा ठसा.

"मी येऊ वर?"

"नको... तू तिथेच थांब. रेघांवर डोळा ठेव."

तो दोन्ही हातांनी तुकडे सोलू लागला. बोटांना सराव होता, ती झरझर चालत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"रेघा येतायत, दादा... काय झालं होतं?"

"काही नाही. धूळ."

"तू होतास म्हणून निभावलं. उद्या सगळ्यांना सांगणार आहे मी."

थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली जाऊन सगळं कबूल करायचं, असं त्याने ठरवलं आणि शेवटचा तुकडा सोलला. मग सोललेले तुकडे गोळा करायला तो वाकला. फरशीवर एकही तुकडा नव्हता.

"आल्या ना सगळ्या रेघा?" त्याने विचारलं.

"आल्या असतील... मला अर्ध्याच दिसतायत. मघापासून डाव्या डोळ्यासमोर अंधारी आलीय. चोळला, धुतला... जातच नाही."

"थांब, मी आलोच."

"ये. पण दादा..." धाकट्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "दिवे का घालवलेस सगळे?"

वर घुमटात दिवा लख्ख जळत होता.