मधेच उठवलेली रझिया

हसू नका रे, आमच्या श्यामसुंदरच्या बाबतीत घडलेलं आहे हे. आपल्या नेरूळच्या सोसायटीचा सेक्रेटरी तो. तेरा डिसेंबर, शनिवार, रात्रीचे पावणेबारा. स्नेहसंमेलन आटोपलं होतं, आणि भाड्यानं आणलेली सिंहासनाची खुर्ची पावणे गावातल्या गोदामात परत द्यायला तो टेम्पोतून निघाला.

खुर्ची होती नाटकासाठी. त्याची लेक मनाली रझिया सुलतान झाली होती. दिल्लीच्या तख्तावर बसलेली ती बाई. बाईपुढे वाकायचं सरदारांच्या जिवावर आलं, चार वर्षंही तिला टिकू दिलं नाही. पोरीनं दोन महिने मान मोडून पाठांतर केलं. तख्तावर बसली, पहिलं फर्मान सोडणार, तेवढ्यात प्रमुख पाहुणे उगवले. दीड तास उशिरा! आणि या शहाण्यानं काय करावं? नाटक थांबवलं. "मनू, ऊठ. साहेबांना बसू दे."

भर मंचावर, चारशे माणसांदेखत. पोर उठली. मग नुसती भाषणंच झाली. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. तेव्हापासून ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती, आणि हा म्हणत होता, येईल सकाळपर्यंत ताळ्यावर.

टेम्पो साताऱ्याकडच्या हौसेरावचा. तुर्भ्याच्या पुलावर गाडी चढेना.

"सायेब, मागं कोन बसलंय?"

"कोण बसणार? एक खुर्ची तर आहे."

"येका खुर्चीनं चाकांवरचं पाटं दबत न्हाईत, सायेब."

श्यामसुंदर वैतागून उतरला. मागचं फाळकं पाडलं. खुर्ची आडवी बांधली होती. आता ती सरळ उभी होती. दोर खाली पडलेला. मखमलीची गादी खोल दबलेली...

"कोण आहे?"

त्यानं खुर्ची ओढली. हलेना. पुन्हा ओढली. संतापला.

"ऊठ!"

गाडी बंद पडली. पुलावर एकही दिवा नाही. आणि अगदी जवळून, दातओठ खात, बाईचा आवाज...

"पुन्हा?"

श्यामसुंदरचे हात आपोआप जोडले गेले. "नाही... बसा... बसा तुम्ही..."

तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. खुर्ची तशीच उभी ठेवून त्यांनी ती पोचवली. घरी येऊन त्यानं झोपलेल्या लेकीला उठवलं आणि रडून माफी मागितली. चार दिवसांनी मनालीनं बापाला माफ केलं.

दुसरीनं नाही केलं. हल्ली श्यामसुंदर मीटिंगला उभा का असतो, ठाऊक आहे? तो बसायला जातो ती प्रत्येक खुर्ची गरम असते, कुणाला तरी नुकतंच उठवल्यासारखी. परवा सोसायटीचं बंद ऑफिस उघडून मी स्वतः त्याच्या खुर्चीला हात लावून पाहिला.

गरम होती.